चूकभूल कुणी द्यावी, कुणी घ्यावी?

सावंतवाडीतल्या एका वाचनालयात शरयूची कार्यशाळा ऐन रंगात आली होती. नवख्यांना ती इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात लिहायला शिकवत होती. इंदूकाकूंनी मालवणी खाजं या जत्रेतल्या गोड खाऊवर आयुष्यातला पहिला लेख लिहिला आणि त्या ‘प्रकाशित करा’चं बटण दाबणार, तोच प्रमुख पाहुणे प्राचार्य तळवडेकर गरजले, "थांबा! केवढ्या या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका! नवख्यांनी लिहायचं आणि निस्तरायचं आम्ही?"

काकूंचं बोट हवेतच थबकलं. आली का पंचाईत! पण शरयूचे डोळे चमकले.

"सर, मघाशी भाषण संपवताना तुम्ही काय म्हणालात?"

"चूकभूल द्यावी घ्यावी!"

"मग झालं तर! काकूंनी दिली, आता तुम्ही घ्या!" म्हणत तिने कीबोर्डच त्यांच्यापुढे सरकवला.

एकच हशा उसळला. सरांनी निमूट चष्मा चढवला, खुर्ची ओढली.

"बोला काकू, कुठल्या वेलांटीपासून सुरुवात करू?"