दारावरचा त्रिकोण

फ्रान्समधल्या एका गावात चर्च उभं राहत होतं. दारावरच्या दगडी त्रिकोणात शिल्पं कोरायची होती. मधोमध उंच येशू आणि दोन्ही बाजूंना उतरत्या उंचीचे संत.

बिशप ओदों मुख्य पाथरवटीण इझाबोला म्हणाले, "माझीही मूर्ती हवी, येशूएवढी. नाही जमलं तर दुसरा पाथरवट बघतो."

इझाबोने दोरी लावून त्रिकोण मोजला. "जमेल की, महाराज. पण एवढी मूर्ती उभी राहते ती फक्त मधोमध, आणि तिथे येशू आहे. तुमची खालच्या कोपऱ्यात आडवी मावेल."

"आडवी तर आडवी. तिथे आणखी कोण आहे?"

"नरकात पडलेले पापी."

बिशपांनी घाईने संतांच्या रांगेकडे बोट वळवलं.

"आणि संतांच्या रांगेत उभी केली तर?"

"रांगेच्या टोकालाच जागा उरलीय. वीतभर होईल."

"वीतभरच कोरा," बिशप म्हणाले. "मला मोठेपणाची हौस नाही."