शोकेसमध्ये बसलेला तवा

भांडी बोलायची आणि माणसं मुकाट्यानं ऐकायची, त्या काळातली गोष्ट. एका स्वयंपाकघरात बिडाचा तवा होता. काळाकुट्ट, जाडजूड आणि रंगारूपाच्या बाबतीत जरा हळवा. थोडक्यात, माझ्यासारखाच.

एकदा शोकेसमधला चांदीचा पेला त्याला म्हणाला, "अरे, जरा घासून घे की स्वतःला! वर माझ्या शेजारी जागा आहे."

तव्याला मोह पडला. काथ्याकडून अंग खरवडून घेऊन तो लख्ख झाला आणि ऐटीत शोकेसमध्ये जाऊन बसला. पाहुणे "वा!" म्हणाले. त्याला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण खाली नव्या पॅनवर घावनाला जाळीच पडेना. उलथनं ओरडलं, "अरे ये लवकर, घर उपाशी बसलंय!" तवा धावत उतरला. पहिलंच घावन त्याला चिकटलं आणि फाटलं. तो रडकुंडीला आला.

"काळेपणा म्हणजे मळ वाटला होय राजे तुम्हाला?" उलथनं म्हणालं. "रोजच्या तेलाचा थर होता तो. चला, कांद्याला बोलवा."

अर्ध्या कांद्यानं त्याला रोज तेल चोळलं, चुलीनं तापवलं. तवा हळूहळू पुन्हा काळा झाला आणि एका सकाळी घावन अख्खं सुटून आलं.

"अरेरे," पेला वरून म्हणाला, "आता तू कुणाला दिसणार नाहीस."

"मी नाही दिसत," तवा म्हणाला. "पण ताटात बघ की, केवढी जाळी पडलीय!"