तुळसाच्या हातातला दोर

मंडळी, दयाळबुवा महाराज खडकतळीच्या ओढ्याकाठी झोपडी बांधून राहत होते, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गावच्या जयवंतराव देशमुखांची नवी विहीर खोदायला हणमंता वडार आणि त्याची बायको तुळसा आली होती. हणमंता खाली खोदायचा आणि त्याच्या कमरेचा दोर तुळसा काठावर धरून बसायची. खालचा माणूस वर येईपर्यंत दोर सोडायचा नाही, अशी त्यांच्यात रीतच होती. नवऱ्याला खाली सोडताना ती रोज महाराजांचं नाव घेई. देशमुख हसत, "तुझा बुवा येतो वाटतं पहार मारायला?"

त्या सकाळी हणमंता म्हणाला, "मालक, वरची माती ढिली हाय. आधी कडा बांधून घेऊ."

"पाणी लागायच्या बेताला कसलं बांधकाम? उतर मुकाट्यानं," देशमुख खेकसले.

दुपारी व्हायचं तेच झालं. एका बाजूची दरड धाडकन कोसळली आणि हणमंता गाडला गेला. गाव गोळा झालं, पण खाली उतरायची कुणाची छाती होईना. देशमुखांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी ऐट सुटेना. "संपला तो. विहीर बुजवा. आणखी कुणी मरायला नको."

तुळसा जागची हलली नाही. दोरानं तळवे सोलून निघाले. "महाराज, मला दुसरं कुणी नाही हो. तुम्हीच सांभाळा," एवढंच ती पुटपुटत होती. पुन्हा माती घसरली. लोक मागे सरले.

आणि दोराला खालून हिसका बसला! मग आणखी एक.

"जिता हाय," तुळसा म्हणाली. तेव्हा कुठे दोन गडी उतरले. दिवेलागणीला त्यांनी हणमंताला वर काढलं. अंगावर साधा ओरखडा नव्हता. उतरलेल्यांपैकी एक गडी देशमुखांना म्हणाला,

"मालक, बैलाएवढी शिळा याच्या डोक्यावर वीतभर थांबली होती. खाली टेकू नाही, काही नाही. याला ओढून घेतला अन् मग ती पडली."

देशमुख तडक ओढ्यावर गेले. महाराज झोपडीत पालथे पडले होते. पाठ काळीनिळी झालेली, खांद्यांवर विहिरीची ओली माती.

"निघाला का हणमंता?" महाराजांनी विचारलं.

"निघाला, महाराज."

"बरं झालं. फार जड होती हो," महाराज म्हणाले.

देशमुखांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते लहान मुलासारखे रडले. तिथून ते वडारांच्या पालाशी आले. तुळसाला भाकरी मोडवत नव्हती, म्हणून हणमंता तिला घास भरवत होता. देशमुखांनी पागोटं उतरवलं आणि त्या दोघांपुढे मातीत माथा टेकला.