टाकामागचे लेकरू

जुनी नाणी वाचण्यात हयात घालवलेल्या एका वृद्ध पंडितांकडे एकदा एक बाई आली. तिच्या पदरात देव्हाऱ्यातला टाक होता. तांब्याच्या पत्र्यावर लाखेने बसवलेली काशाची चकती, आणि तिच्यावर एका स्त्रीचा झिजलेला चेहरा.

“सोनार म्हणतो, ही देवीच नव्हे. नदीला सोडा, नवा टाक घडवून देतो. पण लेकरू जगावं म्हणून मी हिच्याचपुढे पदर पसरला होता, गुरुजी. ही आहे तरी कोण?”

शेजारी बसलेल्या शिष्याने भिंग लावले आणि तो आनंदाने उठून उभाच राहिला. “गुरुजी, कडेला रोमन अक्षरं आहेत! हा अंबाडा पाहा. ही रोमच्या सम्राटाची राणी. बाई, तुमची देवी म्हणजे सातासमुद्रापलीकडून आलेलं नाणं आहे.”

त्याचे म्हणणे खरे होते. बाईचा चेहरा मात्र उतरला. “म्हणजे इतकी वर्षं मी एका नाण्याला...”

पंडितांनी हात धुतले, टाकाला नमस्कार केला आणि तो सरळ निरांजनावर धरला. शिष्य चक्रावला, बाई तर घाबरलीच. लाख मऊ झाली तसे त्यांनी नाणे अलगद सोडवले, गार होऊ दिले आणि उलटे करून तिच्या तळहातावर ठेवले. लाखेखाली राहिल्याने मागची बाजू जराही झिजली नव्हती. आसनावर बसलेली देवी, मांडीवर तान्हे मूल.

“ही त्या राणीची देवी,” पंडित म्हणाले. “बाळंतपण सुखरूप व्हावं, लेकरं जगावीत म्हणून तिकडच्या बायका हिला हात जोडत. राणी झाली तरी त्या बाबतीत तीही तुमच्यासारखी मागणारीच. तुमचा नमस्कार वाया गेला नाही, बाई.” मग ते शिष्याकडे वळले. “तू वाचलंस ते बिनचूक. पण ओळख पटली आणि तू थांबलास. नाणं उलटल्याशिवाय वाचून होत नाही.”

बाईने ते इवलेसे मूल बोटाने चाचपले. तिला हसू आणि रडू एकदमच आले.

“आता नाही नदीला सोडायची,” ती म्हणाली. “त्याच लेकराचं लग्न ठरलंय. सून आली की तिला दोन्ही बाजू दाखवीन.”

नाणे संग्रहासाठी मागावे, असे शिष्याच्या अगदी ओठांवर आले होते. त्याने भिंग खाली ठेवले आणि हळूच विचारले, “आई, मीही एकदा नमस्कार करू?”