धवलाने न खाल्लेली पेंढी

दोष सोमिलाचा होता. गाव पुढे आभाळाला बोल लावत बसला, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

पूर्वी अश्मक देशातील पोतली नगरात अरुण नावाचा राजा राज्य करीत असता, बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या गौळवाड्यात बैलाचा जन्म घेतला. त्याचे नाव धवल. चाळीस गाईंच्या खिल्लारापुढे तो चाले. खिल्लाराचा धनी सोमिल.

त्या गौळवाड्यात एक रीत होती. गवताची गंजी रचून झाली की शाकारण्याआधी तिच्या पोटातली एक पेंढी काढून खिल्लारापुढे चालणाऱ्या बैलासमोर धरायची. त्याने खाल्ली तर गंजी शाकारायची. तोंड फिरवले तर सगळी मोडून गवत पुन्हा उन्हात टाकायचे. ओले गवत दाबून रचले की आतून तापते आणि पेटते. माणसाच्या आधी ते बैलाच्या नाकाला कळते.

त्या वर्षी दोनच सरी आल्या. नदीकाठच्या पट्ट्यात काय ते गवत उगवले. पुढच्या पावसापर्यंत खिल्लाराला तेच पुरवायचे होते. शेजारच्या गावची उपाशी जनावरे त्यावर येऊन पडतील या भीतीने सोमिलाने कापणीनंतर तिसऱ्याच दिवशी ते रचायला काढले.

कापणी त्याच्या सुनेने, रेवतीने केली होती. ती म्हणाली, "मामंजी, काडी अजून वाकते, मोडत नाही. दोन दिवस थांबा. राखण मी करते."

"तू दूध काढ," सोमिल म्हणाला. "गवताचं आम्ही बघतो."

आम्ही म्हणजे तो आणि भावकीतले पाच म्हातारे. त्यांतल्या एकानेही त्या वर्षी विळा हातात धरला नव्हता. त्यांनी माना डोलावल्या.

रीत मोडायची मात्र कुणाची छाती नव्हती. म्हणून गंजी रचली जात असताना सोमिलाने धवलाला दोन दिवस उपाशी बांधले. उपाशी बैल छप्परसुद्धा खाईल, असे तो हसत म्हणाला.

मग पेंढी समोर आली. तिला आंबूस, कोमट वास येत होता. खाल्ले तर आज आपले पोट भरेल, हे धवलाला कळत होते. मागच्या चाळीस जणींचे काय होईल, हेही कळत होते. त्याने तोंड फिरवले. सोमिलाने दुसऱ्यांदा धरली, तिसऱ्यांदा तोंडात कोंबली. धवलाने ती खाली पाडली. एक काडी तेवढी ओठाला चिकटून राहिली.

"खाल्लं," सोमिल म्हणाला.

पाचही म्हाताऱ्यांनी त्या काडीकडे पाहिले. "खाल्लं," ते म्हणाले.

"मग हे खाली पडलेलं उचलू का, मामंजी?" रेवतीने विचारले.

गंजी शाकारली. धवलाला सोमिलाने पुढेही काही घातले नाही. बैलमहाराजांना आमचे गवत चालत नाही, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. रेवती पदराआड पाला आणी. तो पुरला नाही. सहाव्या दिवशी धवल बसला तो उठला नाही.

दहाव्या दिवशी गंजीतून धूर निघाला. म्हाताऱ्यांनी घाबरून ती उकरली. वारा आत शिरला आणि दुपारपर्यंत राख झाली.

एवढी गोष्ट भिक्षूंना सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा सोमिल म्हणजे धाकट्या भिक्षूंना बोलू न देणारा, समोर बसलेला हा वृद्ध भिक्षू. ते पाच जण म्हणजे आजही त्याच्या होला हो मिळवणारे त्याचे सोबती. रेवती म्हणजे ही भिक्षुणी उत्पलवर्णा. धवल मी होतो."

भुकेल्या बैलाने राखली ती सत्यपारमिता, सत्यनिष्ठेची पराकाष्ठा.

सोमिलाच्या चाळीसही गाई पुढच्या पावसाआधी मेल्या.