चार फुटांवरून

“…पण हे तुमचं प्रथिन राहतं कुठं? मेंदूच्या पेशीच्या आत, की बाहेर?” भन्ते धम्मज्योतींनी विचारलं.

टेकडीवरच्या लहानशा विहारात डॉ. निरंजन खोब्रागडे त्यांच्यासमोर बसले होते. तीन वर्षं एका प्रथिनाच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस. असा प्रश्न आला की त्यांची कळी खुलायची.

“दोन्हीकडे, भन्ते. पेशीच्या पडद्यात आरपार रुतलेलं. एक टोक बाहेर, एक आत. गर्भात मेंदू घडत असतो तेव्हा पेशी आपला धागा लांबवते, चाचपडत. बाहेरच्या टोकाला शेजारच्या पेशीचं काही टेकलं, की आतलं टोक निरोप देतं… इकडे वळ, इथं जोड.”

“आणि काही टेकलंच नाही तर?”

“मग निरोपच नाही. धागा भरकटतो.”

डॉक्टरांचा आवाज खाली आला. खांबापाशी त्यांची सहा वर्षांची उत्पला पिंपळाची पानं मांडत बसली होती. तिच्यात हेच प्रथिन बिघडलेलं निघालं होतं. ती अजून एक शब्दही बोलली नव्हती.

“एकदा ‘बाबा’ म्हणावं हिनं. बाकी काही नको मला. लोकांची पोरं हाका मारतात, आणि मी रस्त्यात थांबून ऐकत राहतो…”

“तुम्ही मारता हाक?”

“रोज. दाखवतो ना.”

डॉक्टर उठले. वही-पेन घेऊन लेकीच्या पाठीमागे बरोबर चार फुटांवर उभे राहिले. मूल हाकेला वळतं का, हे बघायच्या चाचणीचा नियमच तसा. समोर जायचं नाही, स्पर्श होऊ द्यायचा नाही.

“उत्पला!”

तिनं मान वळवली नाही. एक पान उचललं, हात मागे नेला आणि ते फरशीवरून सरकवलं. पान डॉक्टरांच्या पायाला लागलं.

चाचणी बिघडू नये म्हणून डॉक्टर पटकन एक पाऊल मागे झाले. वहीत लिहिलं, ‘प्रतिसाद नाही.’

उत्पलाचा हात थोडा वेळ तसाच मागे राहिला… मग ती पुन्हा पानं मांडू लागली.

“पाहिलंत?” डॉक्टरांचे डोळे भरून आले. “माझं कुठं चुकतंय, भन्ते? आणखी किती हाका मारू?”

भन्ते फरशीवरच्या त्या पानाकडे बघत होते.

“आता तुम्ही गप्प बसा,” ते म्हणाले. “तिला पुन्हा एकदा हाक मारू द्या.”