चिमूटभर पीठ

“ताईच का गेली?” एका गावातला धाकू नावाचा पोरगा दिसेल त्याला हे विचारत सुटला होता. कुणी आभाळाकडे पाही, कुणी वाट बदली.

ताई तापाने गेली. मागे तिची तान्ही लेक राहिली, रखमी. तिला पाजायचं ते फक्त पेज. पण घट्ट पेज रखमीच्या घशाखाली उतरेना. पाणी घालून पातळ केली, तर पोट फुगे आणि अंगाला काही लागत नसे. पोर दिवसेंदिवस वाळत चालली.

ताईचं असं नव्हतं. ती नाचणीला मोड आणायची, सावलीत वाळवायची, दळून डब्यात भरायची. त्यातलं चिमूटभर पीठ घट्ट पेजेत पडलं, की पाण्याचा थेंबही न घालता पेज पातळ व्हायची.

धाकूने तो डबा काढला. चुलीवर पेज रटरटत होती. त्याने चिमूट टाकली. पेज तशीच. मूठ टाकली. तशीच. रागाच्या भरात त्याने आणखी ओतलं आणि शेवटी पळी भिंतीवर भिरकावली.

“ताईबरोबर तिचा हातगुणही गेला!” तो ओरडला.

आवाज ऐकून शेजारची शेवंताकाकू आली. तिने मडक्यात डोकावून पाहिलं.

“उकळत्यात टाकलंस होय रे, उतावळ्या? तुला उकळत्यात टाकलं तर तू काम करशील का?”

“पीठ काय जिवंत असतं?”

“पीठ नाही रे. पण दाण्याला मोड आला, की त्यात एक कामकरी जागा होतो. दाण्यातला साठा तोडून तो कोंबाला भरवतो. तोच पेजेतला घट्टपणाही तोडतो. आपल्या लाळेत, पोटातही असेच कामकरी असतात. शिकलेले लोक त्यांना विकर म्हणतात. फार चटका बसला, की ते निकामी होतात.”

“पण चिमूटभर पीठ एवढ्या पेजेला पुरतं कसं?”

“एक तुकडा तोडला, की तो दुसऱ्याकडे वळतो. काम करून तो सरत नाही.”

धाकूने भिंतीपाशी पडलेली पळी उचलली. “मग काकू, ताई कशी सरली? तीही दिवसभर कामच करायची ना?”

काकूने पदर डोळ्यांना लावला.

डब्यात आता चिमूटभरच पीठ उरलं होतं. त्याला ताईच्या हातांचा वास होता. धाकूने डबा छातीशी धरला. एवढं तरी आपल्याजवळ राहावं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात रखमी रडली. रडण्यातही आता जोर नव्हता.

त्याने नवी पेज शिजवली, खाली उतरवली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो थांबला. बोटाला सोसेल इतकी ती निवली, तेव्हा त्याने डबा तिच्यात झटकला आणि ढवळत राहिला. हळूहळू पळी हलकी फिरू लागली. पेज धारेने पडू लागली. रखमीने वाटी चाटूनपुसून संपवली आणि मामाच्या मांडीवरच झोपली.

धाकूने रिकामा डबा एकदा हुंगला. मग तो राखेने स्वच्छ घासला आणि ताईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात भिजवलेली नाचणी मोड यायला बांधून ठेवली.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची माया डब्यात कोंडून टिकत नाही, धीर धरून ती कुणाच्या मुखी लावली, तरच ती पुन्हा उगवते.